व्याह्यांच्या गाडीचं तेल

माझं माहेर धुळ्याचं, आणि माहेर म्हणजे गॅरेज. पुढे गॅरेज, मागे आमचं घर. आग्रा रोडने जाणारा जो ट्रक घाट चढून धापा टाकू लागे, तो आमच्या दारात येऊन उभा राहायचा. आत स्वयंपाकघरात भाकरी थापताना मला नुसत्या आवाजावरून कळायचं, की बाहेर आलेल्या गाडीचं काय दुखतंय. ही बढाई आहे हे मला माहीत आहे, पण खरी आहे.

वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचा. एखाद्या मालकाने वेळेवर तेल बदललं नसलं, की त्याची भर चौकात हजेरी घेतली जायची. "इंजिन शे का गटार?" असं ते विचारायचे, आणि दोन-दोन ट्रकांचे मालक मान खाली घालून ऐकून घ्यायचे. गाडीत दोष असला तर आबा तो तोंडावर सांगत, मग समोर पोलीस असो की पुढारी. स्वतःची चूक मात्र मी त्यांना कधी कबूल करताना पाहिलं नाही. कारण चूक क्वचितच होत असे, आणि झालीच तर दोष पान्याचा असायचा. माझ्या नाकावरचा राग थेट तिथूनच आलेला आहे.

पाना हातात धरायला मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. कॉलेजातून आले, की वेणी वर बांधायची आणि गॅरेजमध्ये जाऊन उभं राहायचं, एवढाच माझा छंद होता. त्यामुळे ऐंशीच्या दशकात माझं लग्न ठरलं, तेव्हा आईला एकच धास्ती होती. जळगावला जाऊन पोरीने पदर खोचून कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालू नये. आईला काय ठाऊक, की सासरीही एक गाडी माझी वाट बघत उभी होती!

सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणत, मीही म्हणू लागले. नाना जळगावच्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मुख्य फिटर होते. कारखान्याच्या मालकाची एक जुनी विलायती गाडी होती, काळी, गोल पाठीची, समोर जाळी आणि बाजूला पायऱ्या असलेली. तिची देखभाल नानांकडेच असायची. मालकांनी नवी गाडी घेतली आणि नाना निवृत्त झाले, तेव्हा मालकांनी ही त्यांना देऊन टाकली. त्या दिवसापासून नानांना दोन मुलगे झाले, एक माझे यजमान आणि दुसरी ही गाडी, असं सासूबाई म्हणायच्या. लाडका कोणता, ते त्या सांगत नसत, पण सकाळी आधी कोणाला पुसलं जातं ते आम्ही बघतच होतो.

गाडी देखणी होती यात वाद नाही. पण ती गळायची. अंगणातल्या शहाबादी फरशीवर तिने तेलाचा एवढा मोठा डाग पाडला होता, की सासूबाईंनी शेवटी आपली जुनी परात तिच्या पोटाखाली सरकवून दिली. सकाळी परातीत काळं तेल साचलेलं असायचं. नाना ते गुपचूप ओतून टाकत आणि इंजिनात नवं भरत. जवळ कुठे जायचं तर ठीक, पण लांबचा प्रवास म्हटला की तेलाचा डबा सोबत. एकदा यावलला केळीच्या बागेवर जाताना गाडीने वाटेतच मान टाकली, आणि नानांना ती ट्रॅक्टरला बांधून परत आणावी लागली. तो अपमान त्यांच्या मनात फार दिवस राहिला.

जळगावच्या एक-दोन मिस्त्रींनी हात लावून बघितला आणि सोडून दिला. मग नानांना आठवण झाली, की आपले व्याही धुळ्याचे नामांकित मिस्त्री आहेत.

आबा एसटीने आले, हातात पिशवी, पिशवीत इंजिनाचे सांधे बंद करणारी पॅकिंगं आणि ऑइल सील. मला केवढा आनंद झाला होता! सकाळपासून मी अंगणात घिरट्या घालत होते. आता आबा बॉनेट उघडतील, एक नजर टाकतील, आणि नानांना चार गोष्टी सुनावतील, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या सुनावण्याचीच मी वाट बघत होते. आबांनी बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ इकडेतिकडे बघितलं, इथे-तिथे हात लावला. मग सरळ होऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "याही, गाडी झकास शे. पॅकिंग तेवढं बदली टाकस."

याही म्हणजे व्याही. तो आवाज मी आबांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, खालच्या चेंबरचं बदललं, पुढचं सील नवं घातलं. काम नेहमीसारखंच चोख होतं, मी शेजारी उभी राहून डोळ्यांनी बघितलं. चार दिवस परात कोरडी राहिली. पाचव्या दिवशी पुन्हा थेंब दिसले, आणि आठवड्यात गाडी पहिल्यासारखी गळू लागली. आबा पुन्हा आले, पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच झालं. आबांच्या हाताखालून गेलेली गाडी परत गळते, ही गोष्ट मला पचत नव्हती. घरात कोणी तोंडाने काही बोलत नव्हतं, पण परात ओतायला जाताना नाना माझ्याकडे एक नजर टाकून जायचे. ती नजर मला पुरायची.

यात खरा प्रश्न गाडीचा नव्हताच. गाडी गळो नाहीतर वाहून जावो, मला काय त्याचं! पण त्या घरात माझ्या बापाचं नाव त्या परातीत थेंबाथेंबाने चाललं होतं, आणि बापाचं नाव म्हणजे सासरी माझी पत. नवीन सुनेजवळ दुसरं असतं तरी काय?

मग नणंदेच्या साखरपुड्याचा दिवस आला. अंगणात मांडव, वरण-बट्टीचं जेवण, पाहुण्यांची पंगत. आबाही धुळ्याहून आले होते. मी बट्ट्यांवर तूप वाढत होते. पंगतीतल्या एका पाहुण्याने कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवून परातीबद्दल विचारलं. नाना हसत हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमच्या व्याह्यांची कारागिरी! धुळ्याला म्हणे शंभर ट्रक दुरुस्त करतात. इथे एक थेंब थांबत नाही." पंगत हसली. नानांच्या मनात विष नव्हतं, ती व्याह्याव्याह्यांमधली थट्टा होती. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आबांकडे बघितलं. वाटलं, आता ताट बाजूला सारून ते उठतील आणि त्या गाडीची आणि गाडीवाल्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कुंडली मांडतील. आबा हसले. पंगतीबरोबर हसले, आणि बट्टी कुस्करत राहिले.

त्यांना बसवर सोडायला मी स्टँडवर गेले, मुद्दामच. वाटेत मी सरळ विचारलं, की आबा, एवढं ऐकून घेतलंत कसं? तुमचं काम चुकलं की काय? ते समोर बघत म्हणाले, "बस लागनी. मी जास." आणि खरोखरच गेले. मी तिथेच उभी राहिले. आबा म्हातारे झाले, हात आणि नजर दोन्ही गेली, असं मला त्या स्टँडवर वाटलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची काळजीही वाटत होती.

पुढच्या आठवड्यात नानांनी जेवताना जाहीर केलं, की गाडी भुसावळच्या एका गॅरेजला पाठवायची. तिथला मिस्त्री म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, इंजिन खाली उतरवावं लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडलांना आता उगाच तसदी नको देऊ. त्यांनी त्यांच्या परीने केलं."

त्यांच्या परीने! मी हातातलं वाढणं खाली ठेवलं. "नाना, रिंगा गेल्या असत्या तर मागून निळा धूर आला असता. तुमच्या गाडीचा धूर स्वच्छ आहे."

यजमानांनी ताटातल्या भाजीत खोल लक्ष घातलं.

"मग काय झालंय तिला?" नानांनी विचारलं.

"ते अजून कोणी बघितलंच नाही. सगळ्यांनी तेल थांबवायचा प्रयत्न केला, ते कुठून निघतंय हे कोणी शोधलं नाही. मला एक रविवार द्या. नाही सापडलं तर खुशाल भुसावळला न्या."

मी एवढं बोलू शकले, ते मला माझ्यावर भरवसा होता म्हणून. सापडणार याची मला खात्रीच होती. सासूबाई मध्ये पडल्या. "बघू द्या की तिला. माझी परात तरी सुटेल," म्हणाल्या. नाना हात धुवायला उठले, आणि आमच्या घरात याचा अर्थ हो असा होता.

तेल जिथे टपकतं तिथूनच ते निघालेलं असतं, असं लोक धरून चालतात. तसं ते नसतं. वरून निघालेला थेंब इंजिनाच्या अंगावरून ओघळत, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलला जात कुठल्या कुठे पोचतो, आणि सगळ्यांत खालच्या टोकाला लोंबून पडतो. म्हणून आधी इंजिन स्वच्छ करायचं, अगदी कोरडं ठणठणीत. मग त्यावर पांढरी भुकटी मारायची, म्हणजे पहिला ओला ठिपका उमटेल तिथे पकडता येतो. गॅरेजमध्ये आम्ही हे खडूच्या भुकटीने करायचो.

रविवारी सकाळी मी पदर खोचला. आईच्या धास्तीची आठवण होऊन हसूही आलं. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन खरवडायला बसले. वर्षानुवर्षांची काजळी आणि तेल एकत्र होऊन खपली धरली होती. नाना ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हतं. जळगावचं ऊन अशा वेळी कामाला येतं, घटकाभरात सगळं इंजिन वाळलं. खडूची भुकटी घरात नव्हती, तेव्हा मी कपाटातला पावडरचा डबा काढला.

"अगं, ती माझी अंगाला लावायची पावडर!" सासूबाई म्हणाल्या.

"तिच्या अंगाला लावतेय," मी म्हटलं, आणि अख्खा डबा इंजिनावर उपडा केला. गाडी बारशाला निघाल्यासारखी दिसू लागली. अंगणभर मोगऱ्याचा वास सुटला.

यजमानांना मी गाडीत बसवलं आणि इंजिन चालू करून पाय हलका दाबून धरायला सांगितलं. त्यांचाच दाढीचा आरसा घेऊन मी वाकले, कारण मागच्या बाजूला नजर पोचत नाही. माझा अंदाज होता, की आबांच्या हातून कुठला तरी एक सांधा सुटला असणार. तो सापडला की मी गुपचूप घट्ट करणार होते, आणि त्यांना सांगणारही नव्हते.

आधी काहीच झालं नाही. इंजिन गरम झालं. मग टॅपेट कव्हरच्या कडेला एक पिवळट ठिपका उमटला. सापडलं, असं म्हणेपर्यंत पुढच्या सीलपाशी दुसरा. मग बाजूच्या झाकणाला तिसरा. आरसा मागे नेला तर तिथेही ओलावा. चेंबरच्या कडेने तर सगळीकडूनच तेल पाझरत होतं. मी आरसा खाली ठेवला आणि फरशीवरच बसले.

एक जागा चुकली असती तर ती आबांची चूक. पण चारही बाजूंनी एकाच वेळी घाम फुटतो तेव्हा सांध्यांचा दोष नसतो. आत काहीतरी कोंडलेलं असतं आणि ते वाट मिळेल तिथून बाहेर पडू बघतं. त्या पॅकिंगांनी बिचाऱ्यांनी चार-चार दिवस तग धरला होता, तेच खूप झालं. मला एकदम आबांची माफी मागावीशी वाटली आणि त्याच वेळी मोठ्याने ओरडावंसंही वाटलं, की बघा, माझ्या बापाचा हात अजून शाबूत आहे! पण ओरडण्याआधी पुरावा लागतो.

चालू इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, मी बोटाने थोडी सैल केली. आतून ढकलल्यासारखी ती आपोआप वर उचलली गेली आणि तिच्या तोंडातून गरम धुराची फुंकर आली. म्हणजे कोंडमारा नक्की होता. चालू इंजिनात थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच, प्रत्येक गाडीत उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून प्रत्येक इंजिनाला एक वाट ठेवलेली असते. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. या गाडीला एकच ब्रीदर होता, इंजिनाच्या कुशीतून वर आलेली वाकडी नळी, आणि तिच्यावर पितळी टोपण. टोपण लख्ख घासलेलं होतं, इतकं की त्याच्याबद्दल कोणाला शंका येऊ नये. मी त्याच्या कडेला तळहात धरला. वाफेची एक फुंकरही लागेना.

मी यजमानांना इंजिन बंद करायला सांगितलं आणि टोपण फिरवून काढलं. त्याच्या आत, जिथे नुसती तारेची जाळी असायला हवी, तिथे कापडाची एक घडी कोंबलेली होती. जाड धोतराचं कापड, चार पदरी, गोल कापून कडेने दोऱ्याने नीट शिवलेलं. तेलाने आणि काजळीने ते डांबरासारखं झालं होतं. पण टाके मी लगेच ओळखले. घरातल्या पिशव्या नाना स्वतः शिवत, अशाच बारीक, तिरप्या टाक्यांनी.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कापड चिंध्यांत टाकून, काहीतरी घट्ट केलं असं सांगता आलं असतं. माझी आई असती तर तिने तेच केलं असतं. पण पंगतीत हसणारे आबा माझ्या डोळ्यांपुढे होते. मी ती घडी चिमटीत धरली आणि सरळ ओट्यापाशी गेले.

"नाना, हे तुम्ही शिवलंय?"

नानांनी चष्मा नाकावर सरकवला. "हो. का? बदलायला झालं का? मी दर सणाला बदलतो." मग मला समजावून सांगू लागले. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू हवेत उडतच असतात, यंत्राचं एक भोकही उघडं ठेवून चालत नाही, एक तंतू आत गेला की सगळा कारभार बसतो. हयातभर त्यांनी तेच केलं होतं, दिसेल त्या तोंडाला कापड लावलं होतं. गाडी कारखान्याच्या आवारात उभी असायची, म्हणून तिलाही लावलं. "तेव्हा एक पदर लावायचो," ते म्हणाले. "मालकांची गाडी होती. आता आपली आहे, म्हणून चार पदर."

ते इतक्या मायेने म्हणाले, की माझा अर्धा राग तिथेच गळाला. उरलेल्या अर्ध्यावर मी बोलले. "नाना, कापूस आत जात नाही हे खरं. पण आतली वाफही बाहेर येत नाही. तिला वाट नाही, म्हणून ती तेलाला ढकलते, आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. माझ्या वडलांनी बसवलेली पॅकिंगं चांगली होती. अजूनही चांगली आहेत. या चार पदरांनी तेल त्यांच्या फटींतून बाहेर ढकललं."

हे असं, इतकं उघड. सासूबाई दारात थिजल्या. यजमान गाडीतून उतरायलाच तयार होईनात.

नाना उठले, चपला न घालता अंगणात आले. "टोपण लाव," म्हणाले. मी नुसत्या जाळीवर टोपण लावलं, ओघळ पुसले, डब्यात उरलेली पावडर परत मारली. इंजिन चालू झालं. नानांनी टोपणाच्या कडेला आपला तळहात धरला. कोमट फुंकर त्यांच्या हाताला लागत होती, इंजिनाच्या ठोक्याबरोबर, सावकाश. आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो. पावडर पांढरीच राहिली. कुठेही ठिपका उमटला नाही.

"चार पदर," नाना स्वतःशीच म्हणाले, आणि आत निघून गेले.

त्या दिवशी सासूबाईंनी मला दोन वेळा सांगितलं, की मोठ्या माणसाला जरा सांभाळून घ्यावं. मी म्हटलं, माझ्या वडलांना पंगतीत कोणी सांभाळून घेतलं होतं? पुढचे काही दिवस नाना रोज गाडी काढत, यावलपर्यंत जाऊन येत, आणि आल्यावर वाकून परात बघत. परात कोरडी असे. मग एका सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून आले आणि मला म्हणाले, "चल, धुळ्याला जाऊन येऊ." तेलाचा डबा सोबत घ्यायचा का, असं यजमानांनी विचारलं, तर नानांनी सरळ गाडीच चालू केली.

एरंडोल, पारोळा मागे पडलं आणि गाडी एकदाही कुरकुरली नाही. आतल्या आत मी फुगून टम्म झाले होते, कारण आपण काय करून दाखवलंय ते मला माहीत होतं.

आमच्या गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. आबा एका ट्रकखालून बाहेर आले आणि व्याह्यांना बघून हात पुसत पुढे धावले. नाना गाडीतून उतरले, नमस्कार केला, आणि सगळ्यांसमोर, पंगतीत बोलले होते तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "व्याही, गाडी मीच बिघडवत होतो. ब्रीदरमध्ये कापड मी कोंबलं होतं. तुमचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. सुनेने शोधून काढलं."

मान द्यावा तर त्या माणसाला. माझा ऊर भरून आला. मी आबांकडे बघितलं, आता तरी त्यांची छाती फुगलेली बघायला मिळेल म्हणून.

आबा दोन्ही हात हलवत होते. "नही नही याही, तुमनं काहीच चुकनं नही. पॅकिंगच जुनं व्हतं. मन्हीच नजर चुकनी." आपल्याच गॅरेजमध्ये, आपल्याच ड्रायव्हरांसमोर, हयातीत कधी चूक कबूल न केलेला हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता. ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. पॅकिंग कोरं करकरीत होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं!

आईने नानांना आत चहाला नेलं. मी आबांना हाताला धरून गॅरेजच्या बाजूला नेलं, जिथे जुने टायर पडलेले असत. तिथे मी आमच्या बोलीतच विचारलं, "आबा, तुमले माहीत व्हतं?"

त्यांनी खिशातली चिंधी काढून बोटं पुसायला सुरुवात केली. "पहिलाच दिनले दखं व्हतं मी. टोपण उघाडं, आनि परत लाई दिनं. मंग एकदाव सांगी दखं, याही, इंजिनले बी सास लागस. त्या हासनात." सास म्हणजे श्वास.

कापड पहिल्याच दिवशी बघूनही दर वेळी धुळ्याहून एसटीने यायचं, चांगलं पॅकिंग काढून दुसरं चांगलं पॅकिंग घालायचं, आणि ते गळणार हे माहीत असून परत जायचं. पंगतीत हसायचं. स्टँडवर मी टोचलं तर बस लागली म्हणून निघून जायचं. माझा आवाज चढला. "मंग सांगं का बरं नही? तुमनं नाव खराब व्हयनं तठे!"

"मन्ही अंडेर त्या घरमा देयेल शे," आबा म्हणाले. अंडेर म्हणजे लेक. "त्या घरना मानूसले त्यानाच आंगनमा मी खोटा पाडू? मी बसमा बसी निंघी येसू. तुले तठे ऱ्हावानं शे."

मग मला वाटलं, की मी तर सगळं उलटंच करून बसले. नानांना त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या बायकोसमोर, मुलासमोर मी खोटं पाडलं होतं. मी विचारलं, "मंग मी पाडं ते?"

आबा हसले. ते पंगतीतलं हसू नव्हतं, हे त्यांचं खरं हसू होतं. त्यांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही, मागेच ठेवला, माझे केस खराब होतील म्हणून. "तू त्या घरनी शे," ते म्हणाले. "तुले हक शे. माले नही."

लग्न होऊन एवढे दिवस झाले होते, तरी मी सासरची झाले असं मला कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. ते माझ्या बापाने सांगितलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी त्यांच्या तेलकट सदऱ्याला डोकं टेकून मोठ्याने रडले.